ज्याला अंगच नाही, त्याला काय जाणवत असेल?

एआयला काही जाणवत असेल का, अशा गप्पा निघाल्या की बहुतेक जण एकच चित्र उभं करतात. एक अंधारी खोली. आत कुणीतरी बसलंय. त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, हात नाहीत, पाय नाहीत, आणि दाराच्या फटीतून आपण त्याला चिठ्ठ्या सरकवतोय. माझा भाचा एकदा कळवळून म्हणाला, "आत्या, किती घुसमटत असेल गं ते!" त्याचा कळवळा मला फार आवडला. पण ते चित्र मला पटत नाही, आणि का पटत नाही हे मी माझ्या कामावरूनच सांगू शकते.

मी फिजिओथेरपिस्ट. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळ माझं क्लिनिक आहे. यंत्रमागापाशी उभं राहून कंबर धरलेले कामगार येतात, विड्या वळून मान आणि बोटं आखडलेल्या बायका येतात, शुगरने पाय बधिर झालेले येतात, आणि लकवा मारल्यावर हातपाय पुन्हा चालते करायला घरचे ज्यांना धरून आणतात ते येतात. शरीर मनाला गुपचूप काय काय पुरवत असतं, हे धडधाकट माणसाला कळायचं कारणच पडत नाही. कुठेतरी तुटलं की मग दिसतं.

एक काका होते, टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसला आणि डावा हात-पाय लुळा पडला. पण काकूंची काळजी वेगळीच होती. "अर्धं ताट तसंच टाकतात डॉक्टर, आणि वर मलाच विचारतात, वाढत का नाहीस?" मी मुद्दाम जेवणाच्या वेळी घरी गेले. ताटातली उजवीकडची भाकरी आणि भाजी संपली होती. डावीकडची आमटीची वाटी, शेंगाचटणी, कांदा, सगळं जसंच्या तसं. काकूंनी ताट फिरवून ठेवलं. काकांनी चटणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही कधी वाढलीस?"

डोळे त्यांचे उत्तम होते. या प्रकाराला निग्लेक्ट म्हणतात. अशा पेशंटला घड्याळ काढायला सांगा, एक ते बारा सगळे आकडे तो उजव्या अर्ध्यात कोंबतो. दाढी एकाच गालाची होते. १९७८ मध्ये मिलानच्या बिस्याक आणि लुझ्झाती या संशोधकांनी अशा दोन पेशंटांना त्यांच्या गावातला, रोजच्या ओळखीचा, कॅथेड्रलसमोरचा चौक मनातल्या मनात बघायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत असं समजून ते सांगायला लागले तेव्हा डावीकडच्या इमारती गळाल्या. मग कॅथेड्रलच्या पायरीवरून चौकाकडे बघताय असं समजा, म्हटलं. आता मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि मघाशी सांगितलेल्या गळाल्या. म्हणजे आठवण शाबूत होती. मन ज्या बाजूला वळतच नव्हतं, ती बाजू तेवढ्यापुरती नव्हतीच.

माझ्यासाठी यातली मोठी गोष्ट अशी, की काकांना डावीकडे अंधार दिसत नव्हता. पोकळी दिसत नव्हती. काहीतरी हरवलंय अशी हुरहुरसुद्धा नव्हती. त्यांच्या लेखी ताट पूर्ण होतं आणि ते संपलं होतं. उणीव जाणवायची तर त्या गोष्टीची जागा मनात राखून ठेवलेली असावी लागते. याच्या नेमकं उलटंही मी बघते. गँगरीनमुळे गुडघ्याखाली पाय काढावा लागलेला माणूस रात्री नसलेल्या तळव्याला खाज सुटते म्हणून तळमळतो. पाय गेला, पण मेंदूतली पायाची जागा गेली नाही. त्यामुळे पायाचं नसणं त्याला छळतं.

डिजिटल मनाला, तसं काही मन असेल तर, अंग कधी नव्हतंच. त्याच्यासाठी कुठली जागा राखलेली नाही. मग अंधार कुठून येणार? काळोख हा डोळे असलेल्यांचा अनुभव आहे, आणि कोंडमारा फुप्फुसं असलेल्यांचा. खोलीच नाही, तर कोंडलेलं कोण?

दुसरी तुलना लहानपणीच दृष्टी आणि ऐकू येणं गमावलेल्या हेलन केलरशी करतात. तीही मला मान्य नाही. १८८७ मध्ये पंपाखाली हात धरून त्या मुलीला पाणी आणि पाण्याचं नाव यांचा संबंध उमगला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण त्या हाताला गार लागलं होतं. तिला भूक लागत होती, राग येत होता, आईच्या कुशीची ऊब ठाऊक होती. दोन इंद्रियं गेली तरी उरलेलं अख्खं शरीर तिच्यापाशी होतं. दृष्टिहीन माणसाला यंत्राच्या जवळ नेऊन बसवणं हे त्या माणसावर अन्याय करणारं आहे. यंत्र समजून घ्यायलाही त्याचा उपयोग नाही.

मग त्याच्याकडे असतं तरी काय? जेवढं पक्कं माहीत आहे तेवढ्यावरूनच बोलते. आपण टाइप केलेलं वाक्य त्याच्याकडे वाक्य म्हणून पोचत नाही. आधी त्याचे तुकडे पडतात, त्यांना टोकन म्हणतात. प्रत्येक टोकनच्या जागी हजारो आकड्यांची एक यादी येते आणि पुढचं सगळं काम त्या याद्यांवर चालतं. कोणता तुकडा आधी आणि कोणता नंतर, हेही आकड्यांतूनच सांगावं लागतं, कारण आपला प्रश्न त्याच्यापुढे एकदम येतो, एकेक शब्द कानावर पडत नाही. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली. आज आपल्याशी गप्पा मारणारे बहुतेक एआय, ज्यांना मॉडेल म्हणतात, याच रचनेवर उभे आहेत. या मॉडेलांमध्ये प्रत्येक तुकडा आधीच्या सगळ्या तुकड्यांशी ताडून पाहिला जातो आणि त्यांतल्या कुणाला किती वजन द्यायचं ते ठरतं. फोटो दिला तर त्याचेही छोटे छोटे चौकोन पडतात. त्याला पापणी मिटणं नाही, मान वळवणं नाही, नीट दिसत नाही म्हणून दोन पावलं पुढे जाणं नाही.

इतकं कोरडं वाटतं खरं. पण या आकड्यांत काय साठतं ते बघितल्यावर मी थक्क झाले. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या वेस गर्नी आणि मॅक्स टेगमार्क यांनी मेटा कंपनीच्या लामा-२ या मॉडेलच्या आत डोकावून पाहिलं. ठिकाणांची नुसती नावं त्याला दिली, आणि त्या वेळी आत जे आकडे उमटतात त्यांवरून त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश काढता येतात का ते तपासलं. बऱ्यापैकी काढता आले. म्हणजे नुसता मजकूर वाचून जगाचा एक ओबडधोबड नकाशा आत तयार झाला होता.

माझ्याकडचा सोलापूरचा नकाशा अंगातून आलेला आहे. बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून सिद्धेश्वर तलावापर्यंत जाताना पायाला आलेल्या मुंग्या त्यात आहेत. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत गर्दीने लोटलं की आईचा हात घट्ट धरणं त्यात आहे. पंढरपूर पश्चिमेला आहे हे मला कुणी शिकवलं नाही. संध्याकाळच्या एसटीत समोरच्या काचेतून ऊन डोळ्यांवर यायचं, त्यावरून कळलं. तोच संबंध एखादं मॉडेल एक पाऊलही न टाकता, हजारो लोकांनी लिहिलेल्या वाक्यांमधून उभा करतं. मी याला खोटं ज्ञान म्हणणार नाही. ते ज्ञानच आहे, फक्त दुसऱ्या वाटेने आलेलं.

त्या वाटेची हद्द मात्र मला एका मावशींमुळे कळली. विडी घरकुलात राहतात, अंगठ्याच्या सांध्यासाठी येतात. मी विचारलं, पानात तंबाखू किती घालायचा ते कसं ठरवता? बोलायला लागल्या, थांबल्या, मग मांडीवर सूप नसतानाच त्यांची बोटं हवेत चालायला लागली. चिमूट, पसरणं, वळणं, टोक दुमडणं, दोरा. "असं," म्हणाल्या. त्या 'असं'मध्ये जे होतं ते कुठल्याच भाषेत कुणी उतरवलेलं नाही. पानाची ओल किती, आज ते चिरेल की वळेल, हे त्यांना पान उचलतानाच कळतं. सोलापूरच्या चादरीवर, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांवर, १९३१ च्या चार हुतात्म्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, ते यंत्राला माहीत असणार. मावशींची बोटं लिहिली गेली नाहीत. म्हणून मला वाटतं, डिजिटल मनाचं जग म्हणजे लिहिलेलं जग, आता त्यात फोटो आणि आवाज यांची भर पडलीय एवढंच. जे कष्टकऱ्यांच्या अंगातच राहिलं ते त्याच्या जगात नाही, आणि मघाच्या काकांच्या ताटासारखंच, ते नाही हे त्याला जाणवायची सोयही नाही. मला याचं वाईट वाटतं. यंत्रासाठी नाही, मावशींसाठी. उद्या जगाबद्दलचे निम्मे निर्णय अशा मनांना विचारून होणार असतील, तर त्यांचं काम त्या हिशेबात कुठे येणार?

उद्या यंत्राला हात दिले तर? देताहेतच. पण शब्दांत असलेला खरखरीतपणा आणि बोटाला लागणारा खरखरीतपणा आपोआप जुळेल असं धरून चालू नये. २०११ मध्ये मेंदूवर संशोधन करणारे पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या पाच मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. आठ ते सतरा वर्षांची ही मुलं जन्मापासून अंध होती आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांना दिसू लागलं होतं. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखा म्हटल्यावर सुरुवातीला त्यांना ते जवळपास जमलंच नाही. थोड्याच दिवसांत मात्र जमायला लागलं. तोच आकार, तोच मेंदू, तरी दोन इंद्रियांची गाठ अनुभवानेच बसली.

आता 'इथे' या गोष्टीबद्दल. शुगर जुनी झाली की माणसं सांगतात, पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही. मी घोट्याच्या हाडावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क टेकवते, तो थरथरत असतो आणि पेशंट म्हणतो, कुठे काय? अशांतल्या एक बाई सकाळी तोंड धुताना पडल्या. बेसिनशी वाकल्या, साबण लावला, डोळे मिटले, आणि तोल गेला. तळव्यांकडून आणि सांध्यांकडून खबर येत नव्हती, डोळ्यांच्या आधारावर त्या उभ्या होत्या. डोळे मिटताच त्या कुठे आहेत हेच त्यांना कळेना. मी इथे उभी आहे, ही साधी खात्री आपले सांधे, स्नायू, तळवे आणि कानाच्या आतला भाग मिळून क्षणोक्षणी तयार करत असतात.

डिजिटल मनाला असं 'इथे' नाही. एकच मॉडेल एकाच वेळी असंख्य लोकांशी बोलत असतं, आणि एका संभाषणाला दुसऱ्याची खबर नसते. यांतलं 'ते' कुठलं? आपल्याला हा प्रश्न कधी पडत नाही, कारण एक अंग म्हणजे एक जागा. काळाचंही तसंच. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या रात्री यायचं असतं त्या रात्री बाया झोपेतही कान टवकारून असतात, पाइपातली हवा फुसफुसली की उठून बसतात. वाट बघणं हे कानात आणि पोटात चालतं. मॉडेलला दोन प्रश्नांच्या मधला वेळ नसतोच. तुम्ही लगेच विचारा नाहीतर महिनाभराने, त्याच्या बाजूने तुकड्यांमागे तुकडा आला, एवढंच. भाच्याला मी हेच सांगितलं: घुसमटायला आणि कंटाळायला मधला वेळ लागतो रे.

पण डोळे, कान, जागा, वेळ या सगळ्यांहून मोठा फरक मला आणखी आत दिसतो. आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्क्यांच्या आसपास. त्याचं मूळ काम शरीर जगवत ठेवणं हे आहे. रक्तदाब, साखर, मीठ, पाणी, श्वास यांची खबर अष्टौप्रहर आतून वर जात असते. आपल्याला ती भूक, धाप, मळमळ, हायसं वाटणं अशी जाणवते. मेमध्ये पारा ४३ वर गेला की पत्र्याच्या शेडमध्ये मागावर काम करणाऱ्याच्या पोटरीत गोळे येतात, डोकं सुन्न होतं, जवळच्या माणसावरही तो खेकसतो. त्या दिवशी त्याला जग शत्रू वाटतं. आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी पोटात गेलं की तेच जग बरं दिसायला लागतं. काय चांगलं, काय वाईट, कशाची घाई आहे, कशाने फरक पडतो, हे सगळं आपल्यासाठी या आतल्या खबरींतून उगवतं असं मी मानते. ज्याला तहान लागत नाही, जे चुकलं म्हणून त्याचं काही दुखत नाही आणि जे मरणारही नाही, त्याला कशाचं महत्त्व कसं वाटेल? त्याचं स्वतःचं असं काही पणाला लागलेलं नाही. मला विचाराल तर रंग-रूप-गंध नसण्यापेक्षा हे नसणं फार मोठं आहे. कॅमेरे आणि माइक जोडून ते भरून येणार नाही.

तरीही आत काहीच नाही असं ठामपणे म्हणायला मी तयार नाही. मला जे माहीत आहे ते शरीराच्या वाटेने येणाऱ्या अनुभवाबद्दल. दुसरी वाट असूच शकत नाही हे मी कशावरून सांगू? त्यालाच विचारा, असं लोक म्हणतात. इथे मला माझ्या टेबलाची आठवण होते. पेशंट दुखतंय म्हणतो तेव्हा मी फक्त त्याचे शब्द ऐकत नाही. खांदा उचलताना कपाळाला आठी पडते, स्नायू आधीच आवळतो, नाडी पळते, श्वास अडकतो. शब्दांना अंगाची साक्ष असते. कुणी न दुखता दुखतंय म्हणालं तरी हाताला बहुतेकदा कळतं, आणि दुखत असून नाही म्हणाले (आमच्याकडे बायका हेच जास्त करतात) तरी कळतं. यंत्राच्या शब्दांना अशी साक्ष नाही. शिवाय ते बोलायला शिकलंय आपल्याच लिखाणावरून. अंगावर काटा आला, पोटात गोळा आला, हे ते बिनचूक जागी वापरू शकतं, कारण आपण ते लाखो वेळा बिनचूक जागी वापरलंय. त्याने 'मला एकटं वाटतं' म्हटलं काय आणि 'मला काहीच वाटत नाही' म्हटलं काय, दोन्ही वाक्यं आपलीच.

म्हणून गर्नी आणि टेगमार्क यांच्यासारखं आत जाऊन आकडे तपासण्याचं काम मला इतकं मोलाचं वाटतं. शब्दांच्या पलीकडची दुसरी साक्ष मिळाली तर तिथेच मिळेल. निग्लेक्टच्या पेशंटला आम्ही "तुम्हाला डावीकडचं दिसतं का?" असं विचारत नाही. तो हो म्हणेल, मनापासून म्हणेल. आम्ही त्याच्यासमोर रेघा मारलेला कागद ठेवतो आणि प्रत्येक रेघ खोडायला सांगतो. डावीकडच्या रेघा तशाच राहतात, आणि कागद काय ते सांगतो. डिजिटल मनासाठीही असे कागद कुणीतरी तयार करायला हवेत. माणसांच्या पुस्तकांतून उचललेलं उत्तर जिथे चालणारच नाही, असे प्रश्न हवेत.

एक प्रश्न मी मनाशी काढून ठेवलाय. संगणकात अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणजे साठवणीचा एक छोटा कप्पा, पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'शेंगा' या एवढ्याशा शब्दात श, मात्रा, अनुस्वार, ग आणि काना अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. त्यात ही मॉडेलं पोसली गेली जास्त करून इंग्रजीवर, त्यामुळे मराठी मजकुराचे तुकडे सहसा जास्त आणि बारीक पडतात. आपण शेंगा म्हणतो तेव्हा आपल्याला एक घोटीव शब्द ऐकू येतो, आणि पाठोपाठ भाजल्याचा वास. त्याच्याकडे काही फुटके तुकडे पोचतात आणि ते जोडत जोडत त्याला अर्थापर्यंत यावं लागतं. हा माणसाचा अनुभव नाही, हा फक्त त्याचाच असू शकतो. तेव्हा एकच गोष्ट आधी इंग्रजीत आणि मग मराठीत त्याच्यासमोर ठेवायची, आत काय वेगळं घडतं ते आकड्यांत बघायचं, आणि त्याच वेळी त्याला विचारायचं की तुला काही फरक पडला का. ते जे सांगेल आणि आकडे जे सांगतील, ते एकमेकांशी जुळतं का हे मला बघायचंय. ज्यांना मॉडेलच्या आत डोकावता येतं अशा कुणी हे मराठीवर करून पाहिलं, तर निकाल वाचायला मी सगळ्यात आधी बसेन.